एक्सपीवरचं इम्पोझिशन बदलताना : कुडाळकडच्या एका छापखान्याचं प्रकरण

कुडाळ आणि सावंतवाडीच्या मधल्या पट्ट्यात हा छापखाना आहे. मालक दुसऱ्या पिढीतले. दोन ऑफसेट मशीन आहेत : एक 19×26 इंची दुरंगी, दुसरं लहान एकरंगी. वर्षाचं काम हंगामावर बांधलेलं. मार्चपासून मे संपेपर्यंत आंब्याच्या पेट्यांची लेबलं, जूनमध्ये शाळांची रजिस्टरं, श्रावण लागला की आरतीसंग्रह, पुढे देवस्थानांच्या आणि मंडळांच्या स्मरणिका, दिवाळीला एखादा अंक. पावतीपुस्तकं आणि लग्नपत्रिका बारमाही. पुस्तकं बहुतेक डेमी अष्टांश, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच.

ज्यांवरून छपाई होते त्या धातूच्या प्लेट्स इथं होत नाहीत, कोल्हापूरहून येतात. पीडीएफ मेलनं क्षणात जाते, प्लेट्स मात्र घाट उतरून याव्या लागतात. इम्पोझिशन, म्हणजे घडी घातल्यावर पानं क्रमानं येतील अशी त्यांची मोठ्या कागदावरची मांडणी, चुकलेलं मशीनवर लक्षात आलं, तर नव्या प्लेट्स उद्याच्या गाडीनं. पावसाळ्यात घाटात दरड आली, तर परवाच्या. या एका गोष्टीमुळे इम्पोझिशनचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या छापखान्यापेक्षा इथं वेगळा होतो. तिथं चुकलेली प्लेट तासाभरात परत निघते. इथं दिवस जातो, आणि चतुर्थी पुढे ढकलता येत नाही.

मला बोलावलं तेव्हा मालकांची तक्रार एकच होती, ‘कॉम्प्युटर म्हातारा झालाय’. ते खरंच होतं. इम्पोझिशनचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालायचं, आणि एक्सपीला मायक्रोसॉफ्टनं एप्रिल 2014 मध्येच वाऱ्यावर सोडलं. लायसनचं डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती छोटी किल्ली, जुन्या प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टमध्ये खोचलेलं. असा पोर्ट नव्या मदरबोर्डवर सहसा नसतो. यूएसबीवरून पॅरलल करणारी केबल बाजारात मिळते, पण ती प्रिंटरपुरती असते, डोंगल तिला जुमानत नाही. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांनी पोर्टच्या पिनांवर हिरवट थर आणलेला. सॉफ्टवेअर चालू झालं नाही की डोंगल काढायचं, पिना पुसायच्या, पुन्हा लावायचं, हा सकाळचा नेम होऊन बसला होता. नेटला तो जोडलेला नव्हता (तेवढं शहाणपण होतं), त्यामुळे सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवरून ये-जा करायच्या.

तरी बदलायचं खरं कारण हे नव्हतं असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणेन. जुना कॉम्प्युटर पुसूनपासून आणखी दोन वर्षं चालला असता. खरं दुखणं त्याच्या एक पायरी अलीकडे होतं, आणि ते प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधी फाइली तयार करायला, बसणाऱ्या मुलीलाच ठाऊक होतं. तिचा निम्मा वेळ नव्या फाइली जुन्या करण्यात जात होता.

हे सॉफ्टवेअर पीडीएफच्या 1.3 आवृत्तीपर्यंतच समजतं. पारदर्शकता, म्हणजे सावल्या, विरळ होत जाणारे रंग, एकावर एक अर्धवट दिसणारे थर, पीडीएफमध्ये आली ती 2001 साली, 1.4 आवृत्तीत. पेजमेकर आणि जुन्या कोरलवर काम चालायचं तोवर याचा काही त्रास नव्हता. आता स्मरणिकेतली प्रत्येक जाहिरात कुणीतरी वेगळ्यानं इनडिझाइन, इलस्ट्रेटर नाहीतर कॅनव्हात केलेली असते, आणि नावाखाली सावली टाकल्याशिवाय कुणालाच करमत नाही. अशी फाइल जुनं सॉफ्टवेअर एकतर घ्यायचंच नाही, नाहीतर घ्यायचं आणि गुपचूप एखादा थर गाळून टाकायचं. दुसरं अधिक वाईट. म्हणून ती मुलगी प्रत्येक फाइल आधी सपाट करून, म्हणजे सगळे थर एकात मिसळून, 1.3 मध्ये आणायची.

सपाट करण्याचा फटका मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त बसतो. सावलीशी किंवा पारदर्शक थराशी अक्षरं भिडली की सपाट करताना ती अक्षरं राहत नाहीत, त्यांची बाह्यरेषा होते किंवा थेट चित्र होतं. रोमन लिपीत अक्षरं सुटी असतात, फरक कुणाला दिसत नाही. देवनागरीत शिरोरेषा प्रत्येक अक्षराबरोबर तुकड्यातुकड्यानं येते आणि पुढच्या तुकड्यावर किंचित चढून सलग दिसते. बाह्यरेषा झाल्यावर तोच सांधा कुठे जाड, कुठे केसाएवढा तुटका दिसायला लागतो. ‘श्री देवी प्रसन्न’ या ओळीवर तो दिसला की देवस्थानचे विश्वस्त प्रूफ परत पाठवतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

इथं एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो, कारण छापखान्यांत सगळं खापर इम्पोझिशनवर फुटतं. जोडाक्षरं फुटणं, रफार भलत्याच अक्षरावर जाणं, वेलांटी मागे-पुढे होणं हे इम्पोझिशनमुळे होत नाही. ते मजकूर जुळवतानाच झालेलं असतं : युनिकोड मजकूर इनडिझाइनमध्ये ओतला आणि परिच्छेदाला भारतीय लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर लावला नाही, की हे होणारच. तसंच 2023 च्या जानेवारीपासून ॲडोबीनं टाइप 1 या जुन्या प्रकारच्या फाँटचा आधार काढला म्हणून मालक घाबरले होते, की जुन्या पुस्तकांची पुनर्मुद्रणं गेली. गेली नाहीत. पीडीएफमध्ये फाँट आतच भरलेला असेल, तर ती पीडीएफ पूर्वीसारखीच छापते. अडतं ते मूळ फाइल उघडून मजकूर बदलायचा असेल तेव्हा. हा हिशेब आधीच मांडल्यामुळे नव्या सॉफ्टवेअरकडून काय मागायचं ते आटोक्यात आलं.

टेबलावर आलेले पर्याय

पहिला, त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. जुनं लायसन इतकं मागचं, की अपग्रेडची सवलत लागू नव्हती, नव्यानंच घ्यायचं होतं. शिवाय अशी मोठी इम्पोझिशन सॉफ्टवेअरं, उदाहरणार्थ कोडॅकचं प्रेप्स, ज्या छापखान्यांत रोज मोठाल्या शीटवर वेगवेगळ्या घड्यांची पुस्तकं लागतात त्यांच्यासाठी आहेत. या घरी घड्या मोजक्या.

दुसरा, ॲक्रोबॅटला (ॲडोबीच्या पीडीएफ सॉफ्टवेअरला) जोडलं जाणारं प्लगइन. क्वाइट इम्पोझिंग हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव. रीडरवर ते चालत नाही, पूर्ण ॲक्रोबॅट लागतं. मालकांना सॉफ्टवेअर एकदा विकत घेऊन वीस वर्षं वापरायची सवय. ॲक्रोबॅटची वर्गणी ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. पण ती वर्गणी ते इनडिझाइनसाठी आधीच भरत होते आणि ॲक्रोबॅट त्याच योजनेत पडून होतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसरा फुकटचा : इनडिझाइनची बुकलेट छपाई. मधोमध पिन मारायच्या छोट्या पुस्तिकेला ती चालते, पण शेजारी-शेजारी दोनच पानं लावते. 16 पानी फर्मा (एका कागदाला घड्या घालून होणारा पानांचा गठ्ठा) तिच्यात होत नाही, विषय संपला.

चौथ्यावर खरी चर्चा झाली. कोल्हापूरच्या प्लेटवाल्यांकडे त्यांच्या वर्कफ्लोमध्येच इम्पोझिशन असतं. सुटी पानं पाठवा, आम्ही लावून देतो, असं ते कधीपासून म्हणत होते. मालकांचा कल तिकडे होता, खर्च शून्य दिसत होता ना. मी विरोध केला तो तत्त्वासाठी नव्हे. प्लेटवाल्याला या मशीनचा ग्रिपर, म्हणजे कागद ओढणारा चिमटा, कडेची किती जागा खातो ते माहीत असतं, पण इथल्या बाइंडिंगच्या टेबलावर कागद आधी कुठल्या बाजूनं दुमडतात ते माहीत नसतं. ते फोनवर सांगता येईल, रोज सांगता येईल, आणि एक दिवस सांगायचं राहील. त्या दिवसाची किंमत एक घाट आहे. दुसरं असं की स्मरणिकेत शेवटच्या रात्री जाहिरात बदलतेच. सुटी पानं तिथं आणि बदल इथं असला की कुठलं पान कितव्या आवृत्तीचं, याचा घोळ होतो.

पाचवा पर्याय प्लेटवाल्याच्या माणसानंच सुचवला : एक्सपी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवा. डोंगलनं तो बाद केला. आणि डोंगल चाललं असतं तरी पीडीएफ 1.3 ची भिंत तिथंच होती.

प्लगइन ठरलं. खरेदीला फार वेळ गेला नाही. वेळ गेला तो पुढच्या कामात, आणि ज्यांना असं काही करायचंय त्यांनी हाच भाग नीट वाचावा.

टेम्प्लेट्समध्ये काय पुरलेलं होतं

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षांत डझनावारी टेम्प्लेट्स (पानांच्या मांडणीचे साचे) साठली होती. नावं ‘डेमी16नवी’, ‘डेमी16नवी2’, ‘डेमी16फायनल’, ‘आरती-जुनी-वापरू नये’ अशी. त्यातली वापरात असलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण नेमकी कुठली, ते ज्यांनी बनवली ते ऑपरेटर मुंबईला निघून गेलेले. ही टेम्प्लेट्स नव्या सॉफ्टवेअरमध्ये उचलून नेता येत नाहीत, पुन्हा बांधावी लागतात. आणि बांधायला आतले आकडे लागतात : कुठे किती जागा, कुठल्या बाजूला ग्रिपर, कुठे घडीच्या खुणा.

त्यासाठी एक आकड्यांची पीडीएफ केली. प्रत्येक पानावर मोठ्ठा पृष्ठ क्रमांक, वरची बाजू दाखवणारा बाण, कडेनं बारीक चौकट आणि तीन मिलिमीटर ब्लीडपर्यंत (कापताना जाणारी कडेबाहेरची जादा छपाई) करडा रंग, बाकी काही नाही. ती प्रत्येक टेम्प्लेटमधून काढली, पाठपोट छापली आणि बाइंडिंगच्या काकांपुढे ठेवली. काका शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवायच्या काळापासूनचे. मुलीनं आधी त्यांना स्क्रीनवरच दाखवायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, ‘‘माका स्क्रीनवर दाखव नको गो बाय. कागद दी, घडी घालून बघतंय.’’

त्यांनी घडी घातली की मुलगी लिहून घ्यायची : पहिली घडी कुठून कुठे, दुसरी कशी, तिसरी कुठली, कोपऱ्यावर बोट ठेवायचं ते पान कुठलं. डेमी अष्टांशाचा 16 पानी फर्मा 18×23 इंची कागदावर बसतो. एका बाजूला आठ पानं, आडवी चार साडेपाच इंची म्हणजे 22 इंच, उभी दोन साडेआठ इंची म्हणजे 17. दोन्हीकडे एकेक इंच उरतो आणि त्यातच ग्रिपर, कटिंग, रंगाची पट्टी सगळं भागवायचं असतं. पाठीशी शेजारी येणाऱ्या पानांची बेरीज नेहमी 17 : एक आणि सोळा, चार आणि तेरा, पाच आणि बारा, आठ आणि नऊ. काका ही बेरीज बघत नाहीत, त्यांची बोटंच ती करतात. मुलगी मात्र आता प्लेटला फाइल पाठवण्याआधी बेरीज करूनच बघते.

दोन टेम्प्लेट्समध्ये विचित्र गोष्ट निघाली. दोन्ही 16 पानी डेमीचीच, पण एकात पाठीशी भिडणाऱ्या पानांच्या मध्ये सहा मिलिमीटर रिकामी जागा सोडलेली, तर दुसऱ्यात अख्खी शीट चार मिलिमीटर एका बाजूला सरकवलेली. मुलीला दोन्ही चुका वाटल्या, आणि नव्यानं बांधताना ती दोन्ही पुसून साफ टेम्प्लेट करणार होती. काकांना विचारलं. पहिल्याबद्दल ते लगेच म्हणाले, ‘‘ता पाठ खरवडूक ठेवलेला आसा.’’ परफेक्ट बाइंडिंगमध्ये गोंद लावण्याआधी फर्म्यांची पाठ तासली जाते, तीनेक मिलिमीटर कागद तिथं जातो. दोन्ही पानांचे तीन-तीन मिळून सहा. ही जागा पुसली असती तर पहिल्याच जाड पुस्तकात आतला मजकूर पाठीत गेला असता आणि ते पुस्तक बांधून होईपर्यंत कळलंही नसतं.

दुसऱ्याबद्दल काकांना काही सांगता येईना. मालकांना आठवलं. एकेकाळी इथं दुसरं मशीन होतं, त्याचा साइड ले (कागदाची बाजू जागेवर धरणारा भाग) सरळ बसायचा नाही म्हणून ऑपरेटरनं टेम्प्लेटच सरकवून घेतलं होतं. मशीन विकलं गेलं, सरक राहिली. आणि आता दुरंगी मशीनवाला गेली कित्येक वर्षं तेवढीच सरक मशीनवर उलटी करून घेत होता, त्याला वाटायचं प्लेटवालेच अशा देतात!

दिसायला दोन्ही सारख्याच निरर्थक जागा, पण एक जपायची आणि एक फेकायची. सॉफ्टवेअर बदलताना फाइलींची यादी सगळे करतात, प्रत्येक आकड्यामागचं कारण कुणी लिहून ठेवत नाही. आता प्रत्येक टेम्प्लेटला एक कागदी पान आहे : घडीचा क्रम, आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे कारण. ज्या आकड्याला कारण सापडलं नाही तो घेतला नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सॉफ्टवेअरपेक्षा ही वही जास्त मोलाची आहे. उद्या प्लगइन बदललं तरी वही तीच राहील.

पोटातली पानं बाहेर सरकतात तेव्हा

आरतीसंग्रह हा या घरचा हुकमी माल. 64 पृष्ठं, मधोमध पिना, आणि जवळपास प्रत्येक पानाला वेलबुट्टीची चौकट. एकात एक 16 कागद घातले की आतले कागद बाहेर ढकलले जातात, आणि पुढची कड कापली की मधल्या पानांची बाहेरची समासपट्टी अरुंद होते. 70 जीएसएमचा मॅपलिथो कागद साधारण 0.09 मिलिमीटर जाड. पंधरा थर म्हणजे सव्वा ते दीड मिलिमीटर. सरळ मजकुराच्या पुस्तिकेत हे कुणाच्या बापाला दिसत नाही, तिथं या भानगडीत पडूही नये. चौकट असली की मात्र दिसतं, कारण डोळा चौकट आणि कड यांची तुलना आपसूक करतो.

जुन्या टेम्प्लेटमध्ये यासाठी एक ठोक आकडा होता, तोही वेगळ्या कागदासाठी घातलेला. नव्यात एकूण सरक द्यायची, ती पानागणिक वाटून टाकली जाते. तो एकूण आकडा पुस्तकातून घ्यायचा नाही, मोजायचा. त्याच रिमचे कागद घेऊन कोरी पुस्तिका घडवायची, पिन मारायची, कापायची, मग उलगडून सगळ्यात बाहेरच्या आणि सगळ्यात आतल्या पानाची रुंदी पट्टीनं मोजायची. आषाढात ओल खाल्लेला कागद आणि उन्हाळ्यातला कागद यांत फरक पडतो, म्हणून हे दर मोठ्या कामाला पुन्हा करायचं. काकांना यात नवं काही नव्हतं. पूर्वी ते मधल्या पानांचे खिळे आतून थोडे सरकवून लावायला सांगत असत.

चाचणी अडली कुठे

बदलाची वेळ मालकांनी बरोबर निवडली : लेबलांचा हंगाम संपलेला आणि श्रावणाला अवकाश. पहिलं खरं काम म्हणून एका मंडळाची स्मरणिका घेतली, जुन्या आणि नव्या दोन्हीकडून लावून ताडून बघायची म्हणून. आणि नव्यात काही पानं जागेवर, काही तीन मिलिमीटर उडालेली.

प्लगइनचा दोष नव्हता. पीडीएफच्या प्रत्येक पानाला आतून अनेक चौकटी असतात : कागदाची एक, ब्लीडची एक, कापल्यानंतरच्या आकाराची एक. नवी पद्धत या शेवटच्या चौकटीवर, ट्रिम बॉक्सवर, भरवसा ठेवते. इनडिझाइनमधून नीट काढलेल्या पीडीएफमध्ये ती असते. पण काही जाहिराती अशा प्रोग्राममधून आलेल्या, की त्यांत ती नव्हतीच. ती नसली की पानाची बाहेरची चौकटच ट्रिम धरली जाते, म्हणजे ब्लीडसकट पानच कापीव आकार समजलं जातं. जुनं सॉफ्टवेअर डोळे झाकून पान मधोमध ठेवायचं, म्हणून ही विसंगती कधी वर आलीच नव्हती.

उपाय साधा होता, पण शिस्तीचा. इम्पोझिशनला जाण्याआधी सगळी पानं एकत्र करून प्रत्येकाच्या चौकटी तपासायच्या आणि नसतील तिथं ॲक्रोबॅटमध्येच बसवायच्या. त्याच वेळी रंगांची फोड, म्हणजे कुठला भाग कुठल्या शाईत छापणार ते, बघायची. दुरंगी मशीनवर जाणाऱ्या पानात काळी अक्षरं चारही रंगांची झालेली असली, तर ती इथंच सापडतात. जुन्या पद्धतीत हे प्लेट आल्यावर कळायचं. खरं सांगायचं तर मालकांचं मन या एका गोष्टीनं वळलं. लावलेली शीट त्यांना स्क्रीनवर रंगागणिक उघडझाप करून दाखवली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर्गणीबद्दल काही विचारलं नाही.

प्लेटवाल्यांना कळवायचं काम सोपं निघालं. पारदर्शकता तशीच ठेवून पीडीएफ एक्स-4 पाठवली तर चालेल का, एवढंच विचारायचं होतं. हे मानक 2008 पासून आहे आणि त्यांचा आरआयपी, म्हणजे पीडीएफचं प्लेटवरच्या ठिपक्यांत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर, ते घेत होता. ते इतकी वर्षं सपाट फाइली घेत होते कारण इथून तशाच येत होत्या. शिरोरेषेचा त्रास तिथं संपला. प्लेट करण्याआधीचं त्यांचं प्रूफ आता ए3 वर लहान करून छापतात, काका घडी घालतात आणि पहिल्या पानावर सही करतात. सही नसेल तर मुलगी कोल्हापूरला ‘करा’ म्हणत नाही. मालकांनी फोन केला तरी.

सगळं नव्याकडे गेलेलं नाही, न्यायचंही नाही. आंब्याच्या पेट्यांची लेबलं कोरलमध्येच एका शीटवर अनेक लावली जातात. ती कापायची असतात, दुमडायची नसतात, पानांचा क्रम नाही, आणि बागायतदाराचं नाव दर वर्षी तिथंच बदललं जातं. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर लेबलांवरचा मजकूर वाढला, मांडणी तीच राहिली. पावतीपुस्तकांचे क्रमांक नंबरिंग मशीनवर पडतात, त्यालाही हात लावला नाही. मालकांना आता उत्साह आलाय आणि ते लेबलंही प्लगइनमधून लावू म्हणतात. मी नको म्हटलंय.

एक्सपीचा कॉम्प्युटर बंद करून कोपऱ्यात झाकून ठेवला आहे, डोंगल काढून वेगळ्या डबीत. जुन्या पुस्तकांपैकी ज्यांची सुटी पीडीएफ नाही, फक्त लावलेल्या शीट्स आहेत, त्यांची पानं पुन्हा वेगळी करायची आहेत. ते काम मुलगी लेबलांच्या हंगामाआधी, रिकाम्या दुपारी थोडं थोडं उरकते. ते संपेपर्यंत मालकांनी तो भंगारात देऊ नये, एवढंच त्यांना बजावून आलोय.